पूर्वज पन्हाळ्यावर, आजी कुठे?

आमच्या कोडोलीत कोणाशीही घराण्याचा विषय काढा. तिसऱ्या वाक्याला त्याचा पूर्वज पन्हाळगडावर चढलेला असतो. गाव पडलं पन्हाळा तालुक्यात, त्याला कोण काय करणार! १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हा बरोबर सुमारे ६०० मावळे होते म्हणतात. पण आमच्या पंचक्रोशीतली बेरीज केली, तर त्या रात्री पावसात पंढरीच्या वारीएवढी गर्दी झाली असणार. सिद्दीला पत्ता कसा लागला नाही, हेच नवल! त्याच रात्री महाराजांच्या वेषात पालखीत बसून शिवा काशीद मरणाला सामोरा गेला. त्याला मात्र कोणी खानदान विचारलं नव्हतं.

वंशावळीचा खरा जाणकार म्हणजे हेळवी. कानडी सीमाभागातला हा माणूस सुगी झाली की बैलावर बसून दारात यायचा आणि वहीतून खापरपणजोबांपासून वाचायला लागायचा. मूळ गाव कुठलं, कोणाला मुलगे किती, कोण कुठे जाऊन राहिला, सगळं तयार. मग नव्या नातवाचं नाव लिहायचं, धान्य घ्यायचं आणि पुढचं दार गाठायचं.

एकदा आमच्या आजीने त्याला अडवलं. "त्यात माझं नाव कुठं हाय रं?"

"वंश पोरांचा चालतो, आक्का."

"मग जोंधळं बी पोरांकडनंच घे की!" म्हणून आजी सूप घेऊन आत गेली.

आजीचा मुद्दा सरकारला पटायला वेळ लागला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, देशभर २००५ साली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. दवाखान्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. आमच्या गावात अमेरिकन मिशनऱ्यांनी काढलेला दवाखाना आहे. तिथे काय किंवा कुठे काय, बाळंतपणाची नोंद आईच्याच नावाने होते. खाटेवर ती असते, खानदान व्हरांड्यात बिडी ओढत असतं.

लग्नात नाव बदलायची आपली रीत. त्यामुळे बायका वहीतूनच काय, आठवणीतूनही गेल्या. हल्ली पूर्वजांचा पराक्रम सुरू झाला की मी एवढंच विचारतो, "तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय हो?"

स्वारी गुपचूप गड उतरायला लागते.