स्वातंत्र्य, समता, बंधुता : एका त्रयीची कुळकथा

‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ ही त्रयी १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीतून एकदम अवतरली, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात आधी आली ती पहिल्या दोघींची जोडी. २६ ऑगस्ट १७८९ रोजी राष्ट्रीय सभेने हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. माणसे जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांनी समान असतात, हे त्याचे पहिले कलम. मालमत्तेचा हक्क पवित्र आहे, हे शेवटचे, सतरावे. पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ या दोन कलमांमधल्या ताणात आहे.

तो ताण लगेच जाणवला नाही, कारण समतेला कुंपण घातले होते. किमान तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरणारा, पंचविशी गाठलेला पुरुष तेवढा ‘सक्रिय’ नागरिक. घरगडी, गरीब आणि यच्चयावत स्त्रिया ‘निष्क्रिय’ ठरल्या. जून १७९१ च्या ल शापलिए कायद्याने तर कामगारांच्या संघटनांनाच बंदी केली, आणि तीही स्वातंत्र्याच्या नावाने: करार करायला मालक आणि मजूर दोघेही सारखेच मोकळे, मग मजुरांनी एकजूट कशाला करायची? कागदावर समान असलेल्या दोघांपैकी एकाच्या घरी संध्याकाळची चूल पेटायची भ्रांत आहे, हे या तर्कात कुठेच बसत नव्हते. फ्रान्समध्ये संपाला मोकळीक मिळायला १८६४ साल उजाडले आणि कामगार संघटनांना मान्यता मिळायला १८८४.

तिसरा शब्द आला तो याच कुंपणाच्या वादात. राष्ट्रीय रक्षक दलात फक्त सक्रिय नागरिक असावेत या कल्पनेला राष्ट्रीय सभेचा सदस्य रोबेस्पिएर याचा विरोध होता. डिसेंबर १७९० मध्ये या दलाविषयीच्या भाषणात त्याने गणवेशावर आणि निशाणांवर हे तीन शब्द एकत्र लिहावेत, असे सुचवले. सूचना मान्य झाली नाही. १७९३ मध्ये पॅरिसच्या भिंतींवर शब्द झळकले, पण ‘अथवा मृत्यू’ ही पुस्ती जोडून. मरणाचा धाक घालून शिकवलेली बंधुता फार काळ टिकली नाही, यात नवल नाही.

क्रांतीच्या या दहशतपर्वाने उदारमतवाद्यांना समतेची धास्ती बसवली. बाँजामँ काँस्ताँ याने १८१९ च्या व्याख्यानात आधुनिकांचे स्वातंत्र्य म्हणजे मुख्यतः खाजगी आयुष्यातली मोकळीक, अशी मांडणी केली. त्याच परंपरेतला विचारवंत तोकव्हिल अधिक सावध होता. समता अटळ आहे हे त्याने मान्य केले. भीती एवढीच की समतेच्या ओढीने लोक स्वातंत्र्यावर पाणी सोडतील. १८४८ च्या क्रांतीने सर्व प्रौढ पुरुषांना मत दिले, वसाहतींतली गुलामगिरी संपवली आणि त्रयी राज्यघटनेत घातली. लवकरच साम्राज्य आले आणि ती मागे पडली. १४ जुलै १८८० च्या राष्ट्रीय सणानिमित्त सरकारी इमारतींवर ती पुन्हा कोरली गेली. स्त्रियांना मताधिकार मात्र १९४४ मध्ये मिळाला.

महाराष्ट्रात त्रयीला वेगळेच वळण लागले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या व्हर्सायच्या सभेशी केली. पुढे १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात मात्र आपण ही तत्त्वे फ्रान्सकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली असे त्यांनी बजावले. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी तिघांची सांगड घातली: समतेविना स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचे वर्चस्व, स्वातंत्र्याविना समता व्यक्तीची उमेद मारते, आणि बंधुता नसेल तर दोन्ही राबवायला शिपाई लागेल. १९४६ च्या उद्दिष्टांच्या ठरावात नसलेली बंधुता मसुदा समितीनेच उद्देशिकेत आणली होती.

फ्रेंच जाहीरनाम्याच्या सतराव्या कलमातला मालमत्तेचा प्रश्न भारतातही उभा राहिलाच. मालमत्तेचा हक्क मूळ संविधानात मूलभूत होता आणि जमीनदारी निर्मूलनाचे कायदे न्यायालयात अडू लागले. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने त्या कायद्यांना संरक्षण दिले. अखेर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने हा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून कलम ३०० क मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून ठेवला.