उमेदवारीचे दिवस आणि विद्यावेतन



जुन्नरच्या भूमीवर इतिहासाविषयी बोलावयास उभे राहिले, की श्रोत्यांच्या अपेक्षा ठरलेल्या असतात. शिवनेरी यावी, नाणेघाट यावा, लेण्याद्री यावी. आज मी त्या वाटेने थोडेच चालणार आहे. माझा विषय एका साध्या शब्दाचा इतिहास आहे. तो शब्द म्हणजे ‘उमेदवारी’. निवडणुकीमुळे या शब्दाला आता वेगळाच रंग चढला आहे. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी तो धंद्यातील आरंभीच्या दिवसांसाठी होता. वकिलाकडे उमेदवारी, कचेरीत उमेदवारी, छापखान्यात उमेदवारी. ही उमेदवारी कोणाला करता आली, कोणाला करता आली नाही, आणि ज्यांना आली नाही त्यांत अपंग माणसे सर्वांत मागे का राहिली, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रारंभ आपल्या डोंगरांतूनच करू. सातवाहनकाळात कल्याण बंदरातून नाणेघाट चढून येणारा माल जुन्नरात उतरत असे. या व्यापारावर येथील कारागिरांचे संघ पोसले गेले. त्यांना ‘श्रेणी’ म्हणत. जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखांत बांबूकाम करणारे, कासार आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. दाते आपले दान या श्रेणींपाशी ठेवीत आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्षुसंघाची सोय होई. म्हणजे कारागिरांचा संघ हा त्या काळी पेढीसारखा विश्वासाचा होता.

अशा कारागिराच्या घरी शिकाऊ मुलगा कसा राही, याचे नियम स्मृतिकारांनी सांगितले आहेत. नारदस्मृतीत त्याला ‘अंतेवासी’ म्हटले आहे. मुदत आधी ठरवावी, गुरूने त्याला स्वतःच्या घरी जेवू घालावे, मुलाप्रमाणे वागवावे, त्याच्याकडून दुसरीच कामे करून घेऊ नयेत; मुदतीतील कामाचे उत्पन्न मात्र गुरूचे. याज्ञवल्क्यही हेच सांगतो, आणि कला लवकर आली तरी ठरलेली मुदत पुरी करावी, अशी जोड देतो. या व्यवस्थेत पगार नव्हता, पण अन्न होते. शिकणाऱ्याचे पोट ही शिकविणाऱ्याची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यात मान्य केलेले होते.

अपंगांचे काय? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाच्या प्रकरणात याचे उत्तर सापडते. राजाच्या सूतखात्याने कोणाकडून सूत कातून घ्यावे, याची यादी तेथे आहे. तीत विधवा आहेत, संन्यासिनी आहेत आणि ‘न्यंगा’, म्हणजे अंगाने व्यंग असलेल्या स्त्रियाही आहेत. वेतन सुताच्या बारीक, मध्यम वा जाड पोताप्रमाणे द्यावे, असे तो सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी राज्याने अपंग स्त्रीला भिक्षा न घालता काम द्यावे, ही कल्पना आपल्याकडे होती, हे अभिमानाने सांगण्याजोगे आहे. परंतु त्यातील मर्यादाही पाहिली पाहिजे. वेतन कामाच्या नगावर होते, आणि कातणारणीने सूतच कातावयाचे होते. तिने सूत्राध्यक्षाच्या हाताखाली बसून हिशेब शिकावा, हे कौटिल्याच्या मनात येण्याचे कारण नव्हते. काम मिळाले, चढण्याची शिडी मिळाली नाही. पुढील सर्व इतिहास या शिडीचा आहे.

मध्ययुग ओलांडून कचेऱ्यांच्या काळात येऊ. ‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. आशेवर बसलेला तो उमेदवार. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत असे उमेदवार कारकून असत. ते नकला करीत, दप्तर लावीत, साहेबांच्या नजरेत भरण्याची वाट पाहत. आणि जागा रिकामी होईपर्यंत त्यांना दिडकी मिळत नसे. म्हणजे अंतेवाशाला जे अन्न मिळत होते, तेही येथे गेले. पोट घरचे आणि काम सरकारचे, असा हा व्यवहार होता. ज्याच्या घरी जमीन वा वतन होते, किंवा ज्याचा काका तालुक्याच्या गावी राहत होता, त्यालाच तो परवडे. बिनपगारी उमेदवारी ही वरवर सर्वांना मोकळी असलेली वाट. प्रत्यक्षात तिच्या तोंडाशी जकात घेणारा बसलेला होता, आणि नाणेघाटाच्या प्रदेशात जकातीचा अर्थ विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

अपंगांच्या शिक्षणाची नवी सुरुवात याच सुमारास मुंबईत झाली. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी अंधांची शाळा काढली. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली, तिच्यामागे डॉ. नीलकंठराय छत्रपती हे स्वतः दृष्टी गमावलेले वैद्य होते. पुण्यात १९३४ साली डॉ. शंकरराव माचवे यांनी अंधशाळा सुरू केली. या शाळांनी अक्षरओळख दिली, संगीत दिले आणि हाताला काम दिले. ते काम मुख्यतः वेताचे होते. वर्षानुवर्षे अंध तरुणाने शिकावयाचा धंदा म्हणजे खुर्ची विणणे. त्या कष्टांना मी कमी लेखत नाही. त्यांवर कित्येकांचे संसार चालले. पण कचेरीतील खुर्ची विणणारा हा त्या खुर्चीवर बसूही शकेल, असे कोणाला वाटेना.

दुसरा धक्का महायुद्धाने दिला. १९१४ ते १९१८ च्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेल्या कुतच्या वेढ्यात त्या अडकल्या. हातपाय गमावलेले जवान परत येऊ लागले, तेव्हा त्यांना केवळ पेन्शनीवर सोडून चालणार नव्हते. १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरी तांत्रिक शाळा स्थापन झाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीला आली. जखमी जवानाला नवा धंदा शिकवून उभा करावयाचा, हे तिचे काम. येथे दृष्टी बदललेली दिसते. जवान अपंग झाला तो राष्ट्राच्या कामी, म्हणून त्याला शिकविणे हे राष्ट्राचे देणे ठरले. इंग्लंडनेही १९४४ च्या कायद्याने २० अथवा अधिक नोकर असलेल्या मालकांवर अपंगांसाठी ३ टक्क्यांचे बंधन घातले. प्रश्न एवढाच उरला, की जो युद्धात जखमी झाला नाही, जो जन्मतः अंध आहे किंवा ज्याला लहानपणी पोलिओ झाला, त्याचे देणे कोणावर?

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला हळूहळू उत्तर मिळू लागले. १९५२ साली मुंबईत राष्ट्रीय अंध संघ स्थापन झाला. १९५९ मध्ये अपंगांसाठी देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईतच उघडले. क्रिकेटपटू आणि गिरणीमालक विजय मर्चंट यांनी अपंगांना कामावर घ्यावे म्हणून उद्योगपतींना गळ घालण्याचे व्रतच घेतले. १९६८ साली मुंबई आणि हैदराबाद येथे व्यवसाय पुनर्वसन केंद्रे निघाली.

याच काळात, १९६१ साली, शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. माझ्या विषयाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. त्याने उमेदवारीला विद्यावेतन बंधनकारक केले, आणि हे विद्यावेतन नगावर देता येणार नाही, असेही स्पष्ट सांगितले. कौटिल्याच्या सूतापासून आपण येथे किती पुढे आलो, ते पाहा. नगावर मजुरी म्हणजे हाताची किंमत. विद्यावेतन म्हणजे शिकण्याच्या काळाची किंमत. नवशिक्याचा हात मंद असतो. अपंग नवशिक्याला जोडीला नवे साधन, नवी जागा, नवा रस्ता या साऱ्यांची सवय करावी लागते. नगाच्या हिशेबात तो पहिल्याच महिन्यात हरतो. विद्यावेतनाच्या हिशेबात त्याला शिकेपर्यंत श्वास मिळतो.

परंतु त्याच कायद्याने उमेदवाराच्या पात्रतेत वय आणि शिक्षण यांबरोबर शारीरिक क्षमतेची अटही घातली. ज्याला त्या विद्यावेतनाची सर्वांत अधिक गरज, त्याच्यासमोरच ही अट उभी राहिली. हेतू दुष्ट नव्हता. यंत्राशेजारी उभा राहणारा कामगार कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होता. पण कायदा ज्याला डोळ्यांपुढे आणत नाही, तो बाहेर राहतो.

नोकरीची दारे त्यामानाने क्रमाने उघडली. १९७७ साली केंद्र सरकारने ३ टक्के जागा राखल्या, त्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गांत. १९९५ च्या कायद्याने हे आरक्षण वरच्या वर्गांतील निवडक पदांपर्यंत नेले. २०१६ च्या कायद्याने ते ४ टक्के केले आणि अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की केवळ दृष्टी नाही म्हणून कोणास न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही. खुर्ची विणणाऱ्यापासून न्यायासनापर्यंतचा हा प्रवास सव्वाशे वर्षांचा आहे.

महाराष्ट्रातील दोन नावे येथे घेतली पाहिजेत. सोळाव्या वर्षी पाय गेलेल्या नसीमा हुरजूक कोल्हापुरात केंद्रीय अबकारी खात्यात नोकरीला लागल्या, आणि १९८४ साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना पूर्ण अंधत्वामुळे रेल्वेच्या लेखासेवेने नाकारले. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि २०१७ साली प्रशासकीय सेवेत प्रवेश मिळविला. अशा उदाहरणांचा आपण गौरव करतो तो योग्यच. पण व्यवस्था असामान्यांवर उभी राहत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांपैकी कामावर असलेले सुमारे ३६ टक्के. सामान्य बुद्धीच्या, सामान्य चिकाटीच्या मुलाला वाट सापडते का, ही खरी कसोटी होय.

ही वाट परदेशात कशी बांधली गेली, याचे एक उदाहरण आपल्या खोडदशी जुळते. अमेरिकेत अपंग विद्यार्थ्यांना वैज्ञानिक संस्थांत सवेतन उमेदवारी मिळवून देण्याचा एक उपक्रम १९९६ पासून चालला. पोर्तो रिकोच्या वांडा दियाझ-मर्सेड या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थिनीची दृष्टी शिकत असतानाच गेली. २००५ साली त्या नासाच्या गोडार्ड केंद्रात उमेदवारीस आल्या. तेथे आकाशातून आलेल्या मोजमापांचे आवाजात रूपांतर करण्याच्या कामात त्या शिरल्या, आणि पुढे खगोलशास्त्रज्ञ झाल्या. आता आपल्या जुन्नर तालुक्यात पाहा. खोडदला मुख्य केंद्र असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. त्यांना आकाशातून जे मिळते ते डोळ्यांना दिसणारे चित्र नसतेच. ती आकड्यांची माळ असते. डोळस माणूस ती आलेखात पाहतो, अंध माणूस ती ध्वनीत ऐकू शकतो. या विज्ञानात दृष्टी ही पहिली अट नाही, हे आपल्या अंगणातील यंत्रच आपल्याला सांगत आहे.

२०२४ साली दोन योजना निघाल्या. महाराष्ट्र शासनाने युवकांसाठी सहा महिन्यांचे कार्यप्रशिक्षण सुरू केले; त्यात बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. केंद्र सरकारने मोठ्या कंपन्यांतील वर्षभराच्या उमेदवारीसाठी दरमहा ५,००० रुपये ठेवले. तत्त्व योग्य आहे. पण रकमेचा हिशेब सह्याद्रीच्या कडेवरून करून पाहावा. आहुप्याची एक मुलगी कल्पा. पायाने अधू, वाणिज्य शाखेची पदवीधर. घोडेगाव, मंचर, मग पुणे असा तिचा मार्ग. एसटीची पायरी तिला चढवत नाही, तळमजल्याची खोली महाग पडते, सोबतीला कोणी हवे. धडधाकट मुलाला जी रक्कम पुरत नाही, ती तिला कशी पुरावी? समान विद्यावेतन हे येथे समान संधी ठरत नाही.

मग तिला पुण्यालाच का पाठवावे? आपल्या दोन तालुक्यांत विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने आहेत, नारायणगाव-मंचरच्या बाजारपेठा आहेत, सहकारी पतसंस्था आहेत, वकिलांची आणि लेखापालांची कार्यालये आहेत. प्रत्येकाने वर्षाला एक जरी अपंग उमेदवार सवेतन घेतला, तळमजल्यावर एक टेबल दिले, आणि मुदत संपल्यावर खऱ्या कामाचा दाखला दिला, तर शिडीची पहिली पायरी येथेच तयार होईल. यात उपकार नाही. लेण्यांतील दात्याने ठेव श्रेणीपाशी ठेवली ती विश्वासाने, आणि श्रेणीनेही तो विश्वास मोलाचा मानला. आपल्या पतसंस्थांना आणि संघांना त्याच ठेवीची आठवण मी करून देत आहे. फक्त ही ठेव नाण्यांची नसून माणसांची आहे.

उमेदवार म्हणजे आशेवर बसलेला माणूस, हे मी आरंभी सांगितले. नुसत्या आशेवर फार दिवस बसता येत नाही, हे स्मृतिकारांनाही ठाऊक होते, म्हणून त्यांनी त्याच्यापुढे ताट वाढावयास सांगितले. आपण निदान तेवढे करू.