बार वर जातो, की माणूस खाली?

मंडळी, सुरुवात १८९६ च्या अथेन्सपासून करू. पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये दोन हातांनी वजन उचलायची स्पर्धा होती. डेन्मार्कचा विगो येन्सन आणि ब्रिटनचा लॉन्सेस्टन एलियट या दोघांनीही सारखंच वजन उचललं, १११.५ किलो. मग पहिला कोण? ग्रीसचे राजपुत्र जॉर्ज यांनी कौल दिला येन्सनला, कारण त्याची उचल जास्त सफाईदार होती. ब्रिटिशांनी तक्रार केली, पण निकाल फिरला नाही. (एका हाताच्या प्रकारात मात्र एलियटनं ७१ किलो उचलून बाजी मारली.) म्हणजे ‘किती उचललं’ याच्या जोडीला ‘कसं उचललं’ हा प्रश्न या खेळाला जन्मापासून चिकटलेला आहे.

आज व्यायामशाळेत स्नॅच शिकायला आलेल्या पोराला आपण सांगतो, ‘आधी तंत्र, मग वजन.’ बरोबरच आहे. पण त्याला वाटतं, हे तंत्र पूर्वीपासून असंच असणार. तसं नाही.

स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर न्यायचा असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक जण एक पाय पुढे, एक मागे टाकून बारखाली शिरत. पुढे पूर्ण बैठक मारायची पद्धत आली. हिशोब साधा आहे: माणूस जितका खाली जाईल, तितका बार कमी वर न्यावा लागतो. मग सगळ्यांनी लगेच बैठक का नाही धरली? कारण पाय फाकवलेला माणूस बार थोडा पुढेमागे गेला तरी सावरतो. बैठकीत तेवढी सवलत नाही. खांदे, कंबर, घोटे मोकळे नसतील तर खाली जाताच येत नाही. अमेरिकेचा नॉर्बर्ट शेमान्स्की जुन्याच पद्धतीचा. १९५२ ला हेलसिंकीत सुवर्ण आणि १९६४ ला टोकियोत, चाळिशीत, कांस्य. जुनं म्हणजे चुकीचं, असं म्हणायला आमची तरी जीभ रेटत नाही.

त्याहून गंमत मांडीची. पूर्वी वर जाताना बार मांडीला लागला की पंच उचल बाद करत. १९६० च्या दशकात हा नियम सैल झाला आणि तोच स्पर्श तंत्राचा भाग बनला. आज बार अंगापासून लांब गेला तर प्रशिक्षक ओरडतात! कालची चूक, आजचा धडा.

उलट गोष्ट ‘प्रेस’ची. ताठ उभं राहून केवळ हातांच्या जोरावर बार वर ढकलायचा, असा हा प्रकार. हळूहळू खेळाडू कंबरेतून मागे वाकू लागले. किती वाकणं चालेल, यावर पंचांचं एकमत होईना. शेवटी १९७२ च्या म्युनिकनंतर प्रेसच काढून टाकला. उरले स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. पण त्याची सावली राहिली: जर्कमध्ये वाकलेलं कोपर मागाहून ढकलून सरळ केलं, तर उचल बाद.

आपल्या सांगलीच्या संकेत सरगरची उचल या नजरेनं पाहा. २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट. स्नॅच ११३, जर्क १३५. पुढे १३९ ला कोपर दुखावलं. तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला त्याच वजनासमोर पुन्हा उभा राहिला. ते कोपर वजनाखाली टिकलं नाही. एकूण २४८, रौप्य. सुवर्ण गेलं २४९ ला.