स्लोकमची 'स्प्रे': राहत्या बोटीची डागडुजी

एकट्याने बोटीतून जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, जोशुआ स्लोकम. पण मला त्याचं सुतारकाम जास्त भारी वाटतं. अमेरिकेत फेअरहेवनच्या एका शेतात सडत पडलेली 'स्प्रे' त्याने 13 महिने खपून, 553.62 डॉलरमध्ये नव्याने उभी केली. 1895 मध्ये बोस्टनहून निघाला. आता तीच घर, तीच वर्कशॉप. पुढे दक्षिणेचं वेडं वारं, म्हणून ब्युनोस आयर्सला डोलकाठी 7 फूट कापली. तरी वादळात मोठं शीड फाटून चिंध्या झाल्या. जमेल तेव्हा ते शिवत बसला. मग मॅगेलनच्या सामुद्रधुनीत मागे छोटी डोलकाठी चढवली. सोबतची होडी पूर्ण मावेना, म्हणून अर्धी कापलेली; तीच कपडे धुवायचा टब! एका डॉलरच्या घड्याळाचा मिनिटकाटा गेला, तेव्हा त्याने घड्याळ चक्क उकळलं. तास दाखवायला लागलं की!