परीक्षेआधीच निकाल

आमच्या तालुक्याच्या गावात बातमीदारी करताना ‘गुणवत्ता’ हा शब्द मला रोज ऐकू येतो. प्रवेश असो, भरती असो, बढती असो, चर्चा तिथेच येऊन थांबते. म्हणून आज एका विमानाचा इतिहास सांगतो.

स्टिअरमन पीटी-17. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे हजारो नवे वैमानिक यावर उडायला शिकले. पंखांचे एकावर एक दोन थर, त्यावर ताणलेलं कापड, उघड्या दोन बैठका, 220 अश्वशक्तीचं इंजिन. शिक्षक नळीतून बोलणार, शिकणाऱ्याने नुसतं ऐकायचं. उतरताना जरा चूक झाली की विमान धावपट्टीवर गर्रकन फिरलंच म्हणून समजा.

पण या विमानापर्यंत पोचायलाच काहींना बंदी होती. 1925 मध्ये अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजने अहवाल दिला, की कृष्णवर्णीयांकडे लढाईला लागणारी बुद्धी आणि धैर्य कमी असतं. झालं, दार बंद! बेंजामिन डेव्हिस ज्युनियर वेस्ट पॉइंटला चार वर्षं शिकले. बरोबरचे छात्र कामापुरतं सोडलं तर त्यांच्याशी बोलतसुद्धा नसत. तरी 1936 मध्ये ते 35वे आले. हवाई दलासाठीचा त्यांचा अर्ज मात्र फेटाळला गेला, कारण तिथे कृष्णवर्णीयांची तुकडीच नव्हती.

‘पिट्सबर्ग कूरियर’सारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी आणि संघटनांनी हा विषय लावून धरला. अखेर 1941 मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला प्रशिक्षण सुरू झालं, तेही गोऱ्यांपासून वेगळं. लष्कराच्या लेखी हा ‘प्रयोग’ होता. पहिल्या तुकडीत 13 जण होते, त्यांत डेव्हिसही. मार्च 1942 मध्ये पाचच जण वैमानिक झाले, बाकीचे आठ गळाले. हा आकडा नीट पाहा. कुणाला फुकटात पंख मिळाले नव्हते.

1946 पर्यंत टस्कीगीतून साधारण हजारभर वैमानिक बाहेर पडले. 1948 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. 1954 मध्ये डेव्हिस अमेरिकी हवाई दलाचे पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले.

1925 ते 1942 या काळात या लोकांची बुद्धी अचानक वाढली का हो? बदललं ते एवढंच, की त्यांना विमानात बसू दिलं गेलं.

गुणवत्तेवर जरूर बोलू या. पण ज्यांच्याबद्दल बोलतोय, त्यांना विमानात बसायला मिळालं होतं का, हे आधी विचारू या.