वारसा-घड्याळे : सोने आणि पोलाद

एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जपून सोपविल्या जाणाऱ्या, बहुधा यांत्रिक बनावटीच्या मौल्यवान मनगटी अथवा खिशातील घड्याळांना वारसा-घड्याळे म्हणता येईल. अशा घड्याळाचे कवच सोन्याचे असावे की स्टेनलेस स्टीलचे, म्हणजेच गंजरोधक पोलादाचे, आणि यांपैकी कोणते घड्याळ काळाच्या ओघात आपले मूल्य अधिक टिकवून धरते, हा संग्राहक, सराफ आणि वारसदार यांच्यात दीर्घकाळ चर्चिला गेलेला प्रश्न आहे. सोने महाग आणि पोलाद स्वस्त, त्यामुळे उत्तर उघड आहे असे वरवर पाहता वाटते. गेल्या पन्नास वर्षांतील लिलावांच्या नोंदी मात्र बऱ्याच ठिकाणी याच्या उलट साक्ष देतात.

धातूचे मूल्य : मोड आणि घडणावळ

स्विस बनावटीच्या सोन्याच्या घड्याळांत बहुतेक वेळा १८ कॅरटचे सोने वापरले जाते. त्यात ७५ टक्के शुद्ध सोने असते व उरलेला भाग तांबे, चांदी यांसारख्या धातूंचा असतो. मिश्रण बदलले की पिवळे, गुलाबी किंवा पांढरे सोने मिळते. समजा, एखाद्या घड्याळाच्या कवचात ३० ग्रॅम इतके १८ कॅरटचे सोने आहे, तर त्यातील शुद्ध सोने साडेबावीस ग्रॅम भरेल. ते घड्याळ उद्या बंद पडले, बनविणारी कंपनी विस्मृतीत गेली, तबकडी खराब झाली, तरी सराफ या साडेबावीस ग्रॅमचा भाव देईलच. हा सोन्याच्या घड्याळाचा तळ होय. पोलादी घड्याळाला असा तळ नसतो. त्यातील धातूची किंमत जवळजवळ शून्यच धरावी लागते.

तथापि नव्या घड्याळासाठी मोजलेल्या रकमेत धातूचा वाटा सामान्यतः लहान असतो. दागिन्यांच्या व्यवहारात मोड आणि घडणावळ हे दोन शब्द मराठी माणसाच्या परिचयाचे आहेत. बांगडी मोडीत काढताना घडणावळ बुडते आणि सोन्याचा भाव तेवढा हाती येतो. घड्याळाच्या बाबतीत घडणावळ हाच किमतीचा मोठा भाग असतो. यंत्राची कारागिरी, कंपनीचे नाव, जाहिरात, विक्रेत्याचा नफा हे सारे तीत येते. त्यामुळे सोन्याचे घड्याळ म्हणजे मनगटावरचे सोने, या समजुतीने केलेली खरेदी बहुधा तोट्याची ठरते. सोनेच साठवायचे असेल तर वळे किंवा नाणे हा अधिक सरळ मार्ग आहे.

सोन्याचा भाव वाढला की हा तळ वर सरकतो. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलर आणि सोने यांची सांगड तोडली. तोवर औंसाला ३५ डॉलर हा अधिकृत भाव होता. जानेवारी १९८० मध्ये तो ८५० डॉलरांपर्यंत गेला. अशा तेजीच्या काळात सोन्याची जुनी खिशातील घड्याळे मोठ्या प्रमाणावर वितळविली गेली. कवच मुशीत गेले आणि आतील यंत्रे कवचाविना बाजारात आली. अशी सुटी यंत्रे आजही जुन्या घड्याळांच्या बाजारात दिसतात. २०२५ च्या मार्चमध्ये सोन्याने ३,००० डॉलरांचा आणि ऑक्टोबरमध्ये ४,००० डॉलरांचा टप्पा ओलांडला, तेव्हा हाच धोका पुन्हा उभा राहिला. धातूचे मूल्य घड्याळाचे रक्षण करते तसेच ते त्याच्या नाशालाही कारण होऊ शकते. पोलादी घड्याळाला कोणी वितळवीत नाही.

पोलादाची प्रतिष्ठा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलादी घड्याळ हे कामाचे घड्याळ मानले जाई. सैनिक, अभियंते, पाणबुडे यांच्यासाठी पोलाद आणि समारंभासाठी सोने, अशी ढोबळ विभागणी होती. रोलेक्सने १९५६ मध्ये बाजारात आणलेले डे-डेट हे घड्याळ आजही सोने अथवा प्लॅटिनम यांतच बनते.

ही विभागणी मोडण्याचे श्रेय प्रामुख्याने १९७२ मधील एका घड्याळाला दिले जाते. स्वित्झर्लंडमधील ओडेमार पिगे या कंपनीने त्या वर्षी रॉयल ओक हे पोलादी घड्याळ सादर केले. त्याचा आराखडा जेराल्ड जेंटा यांनी केला होता. अष्टकोनी कडे, त्यावर उघडे दिसणारे स्क्रू आणि कवचातूनच उमललेला वाटावा असा पट्टा ही त्याची वैशिष्ट्ये. किंमत सुमारे ३,३०० स्विस फ्रँक, म्हणजे त्या काळच्या अनेक सोन्याच्या घड्याळांहून अधिक होती. पोलाद कठीण असल्याने त्यावर इतकी रेखीव कडा आणि इतकी गुळगुळीत सफाई आणणे सोन्यापेक्षा जिकिरीचे होते, हे या किमतीचे एक समर्थन होते. धातूसाठी नव्हे तर घडणावळीसाठी पैसे मोजा, असे येथे प्रथमच उघडपणे सांगितले गेले. सोन्यातील रॉयल ओक १९७७ मध्ये, म्हणजे पोलादीनंतर पाच वर्षांनी आले. जेंटा यांनीच आखलेले पाटेक फिलिप कंपनीचे नॉटिलस हे पोलादी घड्याळ १९७६ चे.

याच सुमारास स्विस घड्याळ-उद्योगावर मोठे संकट होते. जपानच्या सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी ॲस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्याची किंमत ४,५०,००० येन होती आणि कवच १८ कॅरट सोन्याचे होते. पुढे क्वार्ट्झ घड्याळे अतिशय स्वस्त झाली. वेळ पाहण्यासाठी महागड्या यांत्रिक घड्याळाची गरज उरली नाही, तेव्हा स्विस कंपन्यांनी कारागिरी, दुर्मीळता आणि वारसा यांवर भर दिला. घड्याळ हे पुढील पिढीसाठी सांभाळायचे असते, ही कल्पना आज सनातन वाटते. पण पाटेक फिलिपची पिता-पुत्रांची छायाचित्रे असलेली आणि हाच आशय सांगणारी जाहिरातमाला १९९६ मध्ये सुरू झाली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. उलटपक्षी ब्रिटनचा करकायदा घड्याळाला यंत्र समजतो आणि यंत्र म्हणून पन्नास वर्षांच्या आत झिजून जाणाऱ्या वस्तूंत त्याची गणना करतो.

लिलावांतील काही नोंदी

अमेरिकन धनिक हेन्री ग्रेव्ह्ज यांच्यासाठी पाटेक फिलिपने बनविलेले सोन्याचे खिशातील घड्याळ १९३३ मध्ये त्यांच्या हाती आले. त्यात २४ जटिल रचना आहेत आणि न्यूयॉर्कच्या आकाशातील ताऱ्यांचा नकाशाही आहे. ग्रेव्ह्ज यांच्यानंतर ते त्यांच्या मुलीकडे व पुढे नातवाकडे गेले. नातवाने ते १९६९ मध्ये उद्योगपती सेथ ॲटवुड यांना २ लाख डॉलरांना विकले. न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली सदबीजच्या लिलावात त्याला १.१ कोटी डॉलर आणि २०१४ मध्ये जिनिव्हात २.३२ कोटी स्विस फ्रँक मिळाले. घड्याळाचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास आहे. ते सारे शुद्ध सोन्याचे धरले तरी २०१४ च्या भावाने पंचवीस हजार डॉलर भरले नसते. येथे दोन गोष्टी दिसतात. मूल्य सोन्याचे नव्हते, आणि मूल्यवाढीचा फार मोठा भाग ज्या घराण्यात ते वारशाने आले होते त्याच्या पदरात पडला नाही.

पाटेक फिलिपच्या १५१८ क्रमांकाच्या घड्याळाची हकीकत आणखी बोलकी आहे. कालगणक आणि निरंतर दिनदर्शिका एकत्र असलेले हे घड्याळ १९४१ पासून बनू लागले. एकूण २८१ नगांपैकी जवळजवळ सर्व सोन्याचे होते. पोलादी केवळ चार ज्ञात आहेत. इतके महाग यंत्र घेणारा ग्राहक त्या काळी पोलाद मागत नसे, म्हणून ते थोडे बनले. आणि थोडे बनले म्हणून आज त्यांना मागणी आहे. यांपैकी एकाला २०१६ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात १.१ कोटी स्विस फ्रँकांहून अधिक किंमत आली. साधारण स्थितीतील पिवळ्या सोन्याच्या १५१८ ला याच्या कित्येक पटींनी कमी भाव मिळतो. पाटेक फिलिपचेच ग्रँडमास्टर चाइम हे पोलादी घड्याळ नोव्हेंबर २०१९ मध्ये क्रिस्टीजने जिनिव्हात एका धर्मादाय लिलावात ३.१ कोटी फ्रँकांना विकले. त्या प्रकारचे पोलादातील ते एकमेव घड्याळ आहे. ही रक्कम वैद्यकीय संशोधनासाठी होती, त्यामुळे तिला बाजारभाव समजणे योग्य नाही.

अभिनेते पॉल न्यूमन यांना त्यांच्या पत्नी, अभिनेत्री जोआन वुडवर्ड यांनी दिलेले पोलादी रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १.७७ कोटी डॉलरांना विकले गेले. डेटोनाचा हा प्रकार साठ-सत्तरच्या दशकांत दुकानांत पडून राही. न्यूमन यांनी ते १९८४ मध्ये मुलीच्या तेव्हाच्या मित्राला देऊन टाकले होते. मागील बाजूस पत्नीने कोरवून घेतलेला, गाडी जपून चालविण्याचा निरोप आहे. मूल्य त्या निरोपाचे आणि मनगटाचे होते. तसाच दुसरा नग कुणा अपरिचित गृहस्थाचा असता तर त्याला याचा अल्प अंशच मिळाला असता.

२०२१-२२ ची तेजी

अलीकडच्या काळात दुकानातील छापील किमतीहून अधिक भावाने पुन्हा विकली जाणारी घड्याळे बहुतांशी पोलादीच होती. पाटेक फिलिपने २०२१ मध्ये नॉटिलसचा ५७११ हा पोलादी प्रकार बंद केला. सुमारे ३५,००० डॉलर छापील किमतीचे हिरव्या तबकडीचे नॉटिलस त्याच जुलैमध्ये लिलावात चार लाख युरोंहून अधिक किमतीला गेले. २०२२ च्या वसंतानंतर मात्र हे भाव झपाट्याने उतरले. शिखरावर खरेदी करणाऱ्यांना मोठा फटका बसला. शिवाय ही तेजी मूठभर कंपन्यांच्या मूठभर प्रकारांपुरती होती. उंची म्हणविणारी बाकीची बहुसंख्य घड्याळे, मग ती सोन्याची असोत वा पोलादी, दुकानाबाहेर पडताच बरीचशी किंमत गमावतात.

झीज, पॉलिश आणि दुरुस्ती

सोने मऊ असते. रोजच्या वापराने त्यावर ओरखडे पडतात आणि ते घालविण्यासाठी प्रत्येक वेळी पॉलिश केले की धातूचा थर निघून जातो. कडांची धार बोथट होते, शुद्धतेची ठसे पुसट होतात. स्वित्झर्लंडमध्ये १९९५ पासून मौल्यवान धातूच्या घड्याळांवर सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याच्या मस्तकाचा अधिकृत ठसा असतो. पूर्वी १८ कॅरटसाठी हेल्वेशिया या स्त्रीप्रतिमेचे मस्तक असे. असा ठसा स्वच्छ दिसणे हे कवच फारसे घासले गेले नसल्याचे लक्षण समजतात. पोलाद कठीण असल्याने कमी झिजते, पण त्यालाही हाच नियम लागू आहे. अनुभवी संग्राहक ओरखडे असलेले मूळ कवच चकचकीत केलेल्या कवचापेक्षा पसंत करतात. वारसदाराने वडिलांचे घड्याळ मिळताच प्रेमापोटी ते नव्यासारखे करून घ्यावे, हे स्वाभाविक असले तरी किमतीच्या दृष्टीने घातक ठरते.

यांत्रिक घड्याळातील तेल कालांतराने वाळते. वापर असो वा नसो, काही वर्षांनी ते उघडून स्वच्छ करावे लागते. जटिल घड्याळांच्या बाबतीत हा खर्च मोठा असतो आणि वारशाचा हिशेब करताना तो सहसा धरला जात नाही. सुटे भाग मिळणे हा दुसरा प्रश्न. जी कंपनी आपली जुनी यंत्रे दुरुस्त करून देते आणि जुन्या दप्तरातून घड्याळाच्या जन्माचा उतारा देऊ शकते, तिची घड्याळे पिढ्या ओलांडतात. मूळ पेटी, पावती व हमीपत्र जपलेले असल्यास मागणी वाढते.

भारतातील स्थिती

मुंबईचा स्विस घड्याळांशी संबंध जुना आहे. फाव्र-ल्युबा कंपनीचा व्यापार येथे १८६० च्या दशकात सुरू झाला आणि वेस्ट एंड वॉच कंपनीची मुंबईतील सुरुवात १८८६ ची. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. बंगळूरच्या एच.एम.टी. कारखान्यात १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळे बनू लागली, तरी स्विस घड्याळाची ओढ कायम राहिली आणि सोन्याच्या बिस्किटांबरोबर घड्याळेही चोरट्या मार्गाने किनाऱ्याला लागत. महाराष्ट्रात विवाहात जावयाला अंगठी व घड्याळ देण्याची प्रथा असल्याने अनेक घरांतील वारसा-घड्याळ मुळात आजोबांच्या लग्नातले असते.

अशा घरांत सोन्याचे म्हणून जपलेले घड्याळ पुष्कळदा सोन्याचा मुलामा दिलेले निघते. मागील झाकणावर स्टेनलेस स्टीलचा उल्लेख असेल तर पुढील पिवळेपण बहुधा मुलाम्याचे असते. भरीव सोन्याच्या कवचावर आतल्या बाजूस शुद्धतेचा ठसा असतो. तो पाहण्यासाठी झाकण जाणत्या घड्याळजीकडूनच उघडून घ्यावे लागते.

जुन्या तबकड्या पुसून नव्याने रंगविणे आणि निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून एक घड्याळ उभे करणे, हा उद्योग येथे इतका चालला की जगभरच्या संग्राहकांत अशा घड्याळांना मुंबई स्पेशल असे उपरोधिक नाव पडले आहे. मूळची डागाळलेली तबकडी असलेले घड्याळ त्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते. हे घरच्यांना ठाऊक नसल्याने चांगली घड्याळे दुरुस्तीच्या नावाखाली वाया जातात.

वारसाकराचा प्रश्न भारतात सध्या उद्भवत नाही, कारण संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले. अडचण येते ती वाटणीची. चार पाटल्या दोन बहिणींत वाटता येतात, गोफ वजनावर मोडून त्याचे सारखे हिस्से करता येतात; घड्याळाचे तसे होत नाही. एकाने ते ठेवून इतरांना पैसे द्यायचे, तर ते धातूच्या भावाने की बाजारभावाने, हा वाद उपस्थित होतो आणि बाजारभाव सांगणारा विश्वासू जाणकार तालुक्याच्या गावी मिळत नाही. सोन्याच्या घड्याळाबाबत अशा वेळी सराफाचा काटा हा सर्वांना मान्य होणारा एकमेव पंच उरतो आणि कवच यंत्रापासून वेगळे केले जाते. पोलादी घड्याळाची कोणालाच किंमत वाटत नसल्याने ते ज्याला हवे त्याच्याकडे निमूटपणे जाते. त्याचे मोल बहुधा एखाद्या नातवाने पुढे कधीतरी त्यावरील क्रमांक शोधून पाहिल्यावरच कळते.