लघु आवर्तनांची पद्धती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सॉफ्टवेअर निर्मितीचे काम लहान लहान आवर्तनांत विभागून प्रत्येक आवर्तनात रचना, लेखन व चाचणी पूर्ण करण्याची पद्धती २००१ च्या 'अजाइल' जाहीरनाम्यातून उदयास आली, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र निराळा आहे. विन्स्टन रॉइस यांनी १९७० च्या शोधनिबंधात चाचणी अखेरीस घेणाऱ्या क्रमबद्ध पद्धतीतील धोका दाखवून, नवी प्रणाली दोनदा उभारावी असे सुचविले होते. दुर्दैवाने त्यांचा इशारा मागे पडला आणि त्यांनी काढलेली क्रमाची आकृतीच पुढे 'वॉटरफॉल' या नावाने आदर्श ठरली.

या पार्श्वभूमीवर 'नासा'च्या स्पेस शटलचे उदाहरण उद्बोधक आहे. त्याच्या मुख्य उड्डाण सॉफ्टवेअरच्या गरजा काम चालू असतानाच बदलत होत्या. म्हणून आयबीएमने १९७७ ते १९८० या काळात, ३१ महिन्यांत १७ आवर्तने पार पाडली. प्रत्येक आवर्तन सरासरी सुमारे ८ आठवड्यांचे होते. चूक लवकर उघडकीस येणे, दुरुस्तीचा खर्च मर्यादित राहणे आणि बदलत्या गरजा सामावून घेता येणे, हे अशा पद्धतीचे प्रमुख लाभ होत. तात्पर्य, जाहीरनाम्याने या पद्धतीला नाव व प्रतिष्ठा दिली. तिची उपयुक्तता त्यापूर्वी दोन दशके सिद्ध झाली होती.